बदकांवर नेम

बदकं उरली तरच शिकार उरेल, असं ठरवून शिकारी मंडळाने काही वर्षं बंदुका माळ्यावर टाकल्या. मंडळाचे तापट अध्यक्ष तळ्याकाठीच राहायचे. ते रोज स्वतः दाणे टाकायचे. बदकं उदंड झाली आणि बंदी उठली.

पहिल्याच सकाळी अध्यक्षांनी ऐटीत बंदूक रोखली, तर सगळी बदकं लगबगीने त्यांच्या बुटांपाशी जमली.

"अंगावर येऊन बसलात तर नेम कसा धरायचा?" अध्यक्ष करवादले आणि मागे सरकले. बदकंही पुढे सरकली. असं करता करता अध्यक्षांची पाठ घराच्या फाटकाला टेकली.

"अहो, मिळाली का शिकार?" बायकोने आतून विचारलं.

"सगळीच आलीत," तिच्या हातात बंदूक कोंबत ते खेकसले. "दाण्यांचा डबा आण आधी."