अकरा पेरांतली सहा

मी एक जुना झेला आहे. खरं सांगायचं तर अर्धा झेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी झेला पाहिला नसेल तर आधी तेवढं सांगतो. एक लांब वेळू, त्याच्या टोकाला लोखंडी कडं, कड्याला सुताची जाळी आणि कड्याच्या तोंडाशी एक बारीक पातं. झाडावरचा आंबा खालून जाळीत घ्यायचा आणि हलका हिसका द्यायचा. देठ कापला जातो, आंबा जाळीत बसतो. तो जमिनीवर पडत नाही. पडलेला आंबा वरून चांगला दिसतो, पण आतून ठेचलेला असतो आणि चार दिवसांनी पेटीतल्या बाकीच्यांनाही नासवतो. म्हणून आमच्या रत्नागिरीत आंबा पाडत नाहीत, झेलतात.

वेळूला पेरं असतात. मला अकरा होती. आता सहा आहेत, म्हणून गोष्टही सहा पेरांचीच सांगता येईल. मध्येच काही तुटल्यासारखं वाटलं तर समजून घ्या. तिथे करवत लागलेली आहे.

पहिलं पेर

हे कड्याजवळचं, सर्वांत बारीक. यात आकाश आहे.

गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका गावात आप्पांची बावन्न कलमं होती. आप्पा म्हणजे हरिहर, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. चैत्र-वैशाखात मी सकाळी सहाला वर जायचो तो ऊन डोक्यावर येईपर्यंत खाली यायचो नाही. आप्पांच्या पेटीत डागाळलेला आंबा नसतो, असं लोक म्हणायचे. त्यातलं थोडं कौतुक माझं होतं. ते मी कुणाला न सांगता ठेवून घेतलं.

दुसरं आणि तिसरं

ही दोन पेरं एकत्र सांगतो, कारण यांच्यातलं दुखणं एकच आहे.

एका वैशाखात आप्पा मला धरून उभे असतानाच खाली बसले. छातीत कळ आली होती. एस.टी. निवळीवरून फिरून रत्नागिरीला पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर म्हणाले, "वाचलात. पण पुढच्या वेळी एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही."

आप्पांची मुलगी हेमा रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून होती. तिने शहरात ब्लॉक घ्यायचं ठरवलं. एका रविवारी पडवीत बसून तिने जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तीन जागा मांडल्या. मी वर वाशांना टांगलेला होतो, मला सगळं दिसत होतं.

"मांडवीला वारा चांगला, आप्पा. पण खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज खातात, आणि बाजार लांब. स्टँडजवळ गाडीची सोय, पण रात्रभर भोंगे. बाजारात घेतला तर डॉक्टर पलीकडच्या गल्लीत, भाजी दारात, पाणी दोन वेळा नळाला. अंगण मात्र नाही."

"आणि शेजार?" आप्पांनी विचारलं.

"शेजार आधी कसा कळणार? बिल्डिंग अजून बांधतायत."

तिने शेजाराचा रकाना आखला आणि तिन्ही जागांपुढे तो कोराच ठेवला. मग बाजारातल्या जागेखाली रेघ ओढली.

आप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. शेवटी दोघांचा करार झाला. बाग एक वर्ष कराराने द्यायची. या दसऱ्याला ब्लॉकमध्ये राहायला जायचं, पुढच्या दसऱ्यापर्यंत राहून बघायचं. "नाही रमलात तर मी स्वतः गावी सोडून येईन," हेमा म्हणाली. हे म्हणताना ती आप्पांकडे बघत नव्हती. गावी घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि पुढच्या कळेला आप्पांच्या जवळ कोण असेल, हे दोघांनाही विचारायचं नव्हतं.

चौथं

सन चौऱ्याऐंशीचा दसरा.

बाग कराराने दिल्यावर झेल्याचं काम काय? तरी आप्पांनी मला टेम्पोत घातलं. बिल्डिंगचा जिना अरुंद, प्रत्येक मजल्यावर वळणारा. मी वळेना. शेवटी मला दोर बांधून रस्त्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ओढून घेतलं. सगळ्या खिडक्यांत माणसं उभी होती. 

ब्लॉक दोन खोल्यांचा. मी उभा मावलो नाही, आडवा मावलो नाही, कोनाकोनातूनही मावलो नाही. चार दिवस माझं टोक गॅलरीतून रस्त्यावर आलेलं होतं. मग सोसायटीचे सेक्रेटरी भिकाजीराव वर आले.

"आप्पा, हे काय, गलबताची डोलकाठी आणलीत की काय?"

"झेला आहे तो."

"असू दे. पण वरून कुणाच्या डोक्यात पडला तर ते आम्हाला निस्तरावं लागेल."

हेमा म्हणाली, "आप्पा, सुताराला बोलावू?"

"नको. आपल्याच हाताने होऊ दे."

आप्पांनी करवत घेतली. सहाव्या पेराच्या गाठीखाली बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मग कापलं. सरळ, एक चीर जाऊ न देता.

सहा पेरांचा, जाळीचा तुकडा दाराच्या कोपऱ्यात उभा केला. तो मी. पाच जाड पेरांचा तुकडा गॅलरीत दोन दोऱ्यांना आडवा टांगला. त्यावर हेमाच्या साड्या वाळू लागल्या.

मित्रांनो, झेला धरतात तो जाड टोकाला. वर आंबे, खाली हात. बावीस वर्षांचे हात त्या पाच पेरांत होते. माझ्याकडे आकाश राहिलं, पानं राहिली, आंब्याचं वजन राहिलं. आप्पांखेरीज मला आणखी कुणी धरलं होतं, ते मात्र मला आठवेनासं झालं.

पाचवं

गावी आप्पा तांब्यातलं उरलेलं पाणी पडवीतून केळीच्या मुळात टाकायचे. रोज, न बघता. ब्लॉकमधल्या पहिल्या सकाळी त्यांनी तसंच केलं.

केळ नव्हती. खाली दुसऱ्या मजल्यावर तुळसाबाईंच्या गॅलरीच्या कठड्यावर सूप होतं आणि सुपात पोह्यांच्या फेण्या वाळत होत्या.

"वर माणसं राहायला आलीत की पाऊस?"

आप्पा वाकून म्हणाले, "चूक झाली हो. सवयीने पाणी..."

"सवयीने! मग आता मी काय छत्री धरून फेण्या वाळवू?"

आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून हसू आलं. ते वाईट हसू नव्हतं. पण आप्पा गावात कधी कुणाच्या हसण्याचा विषय झाले नव्हते. ते आत आले आणि त्यानंतर दिवसाउजेडी गॅलरीत गेले नाहीत.

हेमा साडेनऊला जाई, सव्वासहाला येई. मधले तास आप्पांचे आणि माझे. डॉक्टर खरोखरच पलीकडच्या गल्लीत होता. नळाला खरोखरच दोन वेळा पाणी येई. कॅलेंडरच्या पानावर लिहिलेलं सगळं खरं निघालं. आप्पा खुर्चीत बसून जिन्यावरच्या चपला ऐकत. काही दिवसांनी त्यांना चपलेवरून माणूस ओळखू येऊ लागला, पण त्या माणसाचं नाव ठाऊक नसे.

गावच्या रीतीने त्यांनी दार उघडं ठेवून पाहिलं. कुणीतरी येईल, निदान डोकावेल. पण जाणारा-येणारा थांबे, "दार राहिलंय वाटतं उघडं," असं स्वतःशीच म्हणे आणि भल्या मनाने बाहेरून ओढून घेई. कुलूप आपोआप लागे. खट्.

तो आवाज मी त्या हिवाळ्यात किती वेळा ऐकला!

सहावं

माघातल्या एका सकाळी खाली गलका झाला. भाजीवालीला हाक मारताना तुळसाबाई वाकल्या आणि त्यांचा चष्मा डोळ्यांवरून सुटून खाली गेला. तळमजल्याला दुकानं होती आणि दुकानांवर सिमेंटच्या पत्र्याची लांब पडवी. चष्मा त्या पत्र्याच्या काठाशी अडकला. पहिल्या मजल्याचा मालक मुंबईला, ब्लॉकला कुलूप.

"पत्र्यावर चढू नका," भिकाजीराव ओरडत होते, "चढलात तर सरळ दुकानात उतराल!"

कुणी केरसुणीला काठी बांधली. "ढकलू नका रे!" तुळसाबाई म्हणाल्या. "फुटला तर महिनाभर आंधळी बसेन मी!"

आप्पा दाराआड उभे होते. मला वाटतं, बाहेर पडायला धीर यावा म्हणून ते मनात पाचपर्यंत मोजत असावेत. मग त्यांनी मला उचललं, गॅलरीत नेलं, कठड्यावरून खाली बघितलं आणि अंदाज घेतला. दुसऱ्या मजल्यावरूनसुद्धा मी पुरणार नव्हतो.

त्यांनी हेमाची ओली साडी खुर्चीवर टाकली. टांगलेली पाच पेरं खाली काढली. तो तुकडा वीतभर माझ्यावर चढवून धरला, काथ्याची दोरी भिजवली आणि दात आवळून बांधलं.

सातवं, आठवं, नववं, दहावं, अकरावं

हात! आप्पांचे रुंद हात दहाव्या पेरावर, अंगठ्याजवळ कोयत्याचा जुना वण. आणि नवव्या पेरावर लहान हात, हिरव्या बांगड्यांचे. गंगाबाई. आप्पांची बायको. त्या बाजूला उभ्या राहून झेला सावरायच्या आणि वर बघून सांगायच्या, "डावीकडे. अजून डावीकडे. अहो, दिसत नाही का तुम्हाला?" एका वर्षी त्या बांगड्या आल्या नाहीत. त्या वर्षी आप्पांनी आंबे एकट्याने उतरवले आणि नवव्या पेराला हात लावला नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. गॅलरीत, ओल्या साड्यांखाली, इतके महिने.

पुन्हा सहावं, दोरी बांधलेलं

आप्पा दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि दार वाजवलं. चष्मा नसल्यामुळे तुळसाबाईंना कोण आलं ते दिसलं नाही.

"कोण?"

"झेला आणलाय. गॅलरीत येऊ?"

मी कठड्यावरून खाली गेलो. उलटा. जन्मभर वर गेलेला मी पहिल्यांदा खाली जात होतो. दोरीशी मी लवत होतो, आप्पांनी कठड्याला कोपर टेकवलं. "जड आहे," ते म्हणाले, "जरा टोक धरता?"

"धरते. पण कुठे न्यायचा ते विचारू नका, मला काही दिसत नाही."

नवव्या पेरावर एक हात आला. आप्पांनी पातं वरच्या बाजूला फिरवलं, कडं पत्र्याला टेकवलं आणि चष्मा अलगद जाळीत घेतला. रस्त्यावरून कुणीतरी शिट्टी मारली.

तुळसाबाईंनी चष्मा पुसला, लावला आणि आप्पांकडे नीट पाहिलं.

"पाऊस पाडणारे ते तुम्हीच ना?"

"हो. मीच तो."

"बसा. फेण्या तळते. कोरड्या राहिल्यात त्यातल्या."

त्यानंतर आमच्या दाराची कडी वाजू लागली. "आप्पा, झेला आहे का?" गॅलरीतून काय काय पडतं म्हणून सांगू! टॉवेल, कुकरची शिट्टी, बाळाचं टोपडं, एकदा तर भिकाजीरावांची कवळी. प्रत्येक वेळी दोरी बांधायची, प्रत्येक वेळी आप्पा कुणाच्या तरी घरी तासभर. संध्याकाळी दोरी सोडून पाच पेरं पुन्हा गॅलरीत. हेमा घरी आली की म्हणायची, "आप्पा, माझी साडी आज पुन्हा खुर्चीवर?" पण ती हसत असायची. दसऱ्याचं नाव तिने काढलं नाही. आप्पांनीही नाही.

मे महिन्यात पहिल्या मजल्यावरचा बंद ब्लॉक फुटला. चोर नळावरून गॅलरीत चढला होता. सोसायटीची सभा झाली आणि पावसाआधी सगळ्या गॅलऱ्यांना लोखंडी गजांचं ग्रिल बसलं. फक्त आप्पांचं राहिलं. "रंगाचा वास मला सोसत नाही, नंतर बघू," असं ते म्हणत राहिले.

मित्रांनो, ग्रिलमधून काही पडत नाही.

जून गेला, जुलै गेला. पावसात दारं बंद. गणपतीत सगळे आरतीला येऊन गेले आणि पुन्हा आपापल्या दारांआड गेले. कुणाचं मन वाईट नव्हतं. कुणाचं काही पडत नव्हतं, इतकंच. पितृपक्षात आप्पांनी ट्रंक काढली. धोतरं, औषधं, गंगाबाईंचा फोटो.

"दसऱ्याला जातो गं," ते म्हणाले.

हेमाने मान हलवली. करार तिचाच होता. रात्री तिने ट्रंकेत औषधांची दुसरी बाटली ठेवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हेमा कचेरीत गेल्यावर, आप्पा गॅलरीत गेले. कितीतरी वेळ उभे राहिले. मग खांद्यावरचा पंचा काढला, घडी मोडली, कठड्याबाहेर धरला आणि सोडला.

तो दुकानांच्या पत्र्यावर जाऊन पडला. सोडताना मी कोपऱ्यातून पाहिलं. वारा नव्हता.

खालून तुळसाबाईंचा आवाज आला.

"आप्पा! पडला की टाकलात?"

आप्पा कठड्यावरून खाली वाकले.

"पडला," आप्पा म्हणाले.

"मग काढणार कसा? तिसऱ्या मजल्यावरून पुरायचा नाही, आणि माझ्या ग्रिलमधून चिमणी बाहेर जात नाही, तुमचा झेला कुठून जाणार?"

"तेही खरंच."

"तरी या. चहा टाकते. पंचा काही पळून जात नाही."

आप्पा वळले. मला वाटलं, आता दोरी भिजवतील, आता पाच पेरं खाली काढतील. मी तयार होतो. ते माझ्याजवळून गेले, चपला घातल्या आणि मला न घेताच खाली गेले. दार उघडंच राहिलं. ते कुणी ओढून घेतलं नाही.

सव्वासहाला हेमा आली तेव्हा आप्पा घरात नव्हते. खालून दोन माणसांच्या भांडणासारख्या गप्पा ऐकू येत होत्या, फेण्यांना जिरं घालावं की नाही यावर. हेमा थोडा वेळ जिन्यात उभी राहिली. मग आत येऊन तिने ट्रंकेतली औषधं काढून फळीवर ठेवली.

आता दोरी कुणी बांधत नाही. बाग कराराने दिलेलीच आहे. मी कोपऱ्यात, माझे हात गॅलरीत. मध्ये एक दार आहे आणि ते बहुतेक वेळा बंद असतं. माझी जाळी उंदरांनी एका बाजूने कुरतडली आहे. मला त्याचं फार वाटत नाही. झेल्याचं काम झेलण्याचं. ते झालं.

मित्रांनो, एकच मागणं आहे. जुनी वस्तू कापावी लागली तर कापा, पण तिचे तुकडे एकमेकांना दिसतील असे ठेवा. आणि तुमच्या जिन्यात एखाद्या दाराआड कुणी चपला ऐकत बसलेलं असेल, तर काही पडायची वाट पाहू नका.

नुसतीच कडी वाजवा.