लाल डोळ्यांची देवी आणि गादीखालचं बटण

पोशेऱ्याच्या पटांगणात गर्दी इतकी, की मोखाड्याहून आलेल्या जीपा रस्त्यातच रिकाम्या होत होत्या. यंत्रानंद महाराजांची देवी भुताळीण, म्हणजे गावावर करणी करणारी बाई, ओळखत होती. पूर्वी हे काम भगत तांदळाचे दाणे पाहून करी. पण १९९८ साल उजाडलं होतं, देवीलाही आधुनिक होणं भाग होतं. पत्र्याच्या पेटीवर तिचा मुखवटा. प्रत्येक घरानं समोर मूठभर तांदूळ ठेवायचे. डोळे हिरवे झाले तर घर शुद्ध, लाल झाले तर भुताळीण.

"पेटी कुणीही उघडा!" महाराज गर्जत. "देवी वायरीत राहत नाही, भक्तांनो!"

कुणी उघडलीच, तर आतला गुंता पाहून हात जोडी आणि झाकण लावी.

धाकलीच्या तांदळावर डोळे लाल झाले. विधवा बाई, नावावर नागलीचं शेत, आणि त्या शेतावर डोळा ठेवून असलेला दीर ढवळू. देवीची निवड अचूक होती.

"अमावास्येच्या आत गाव सोड," ढवळू म्हणाला.

"नाय सोडत. घर माझं, शेत माझं. तुझी देवी बघते कुठून, ते आधी दाखव."

दुसऱ्याच दिवशी धाकली जव्हारला माझ्या बहिणीकडे, पुष्पलताकडे, गेली. पुष्पलता नाशिकला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते; तेव्हा माहेरी आली होती. अमावास्येला दुपारी ती कॉम्प्युटर आणि एक चपटी पेटी घेऊन पोशेऱ्यात हजर. सामान उचलायला मी.

"महाराज, उघडते हं. कुणीही उघडा, असं तुम्हीच म्हणता ना?"

एवढ्या गर्दीसमोर नाही कसं म्हणणार?

तिनं देवीच्या पेटीतली पायवाली काळी चिप उपटली. डोळे विझले.

"देवी कोपली!" महाराज ओरडले.

पुष्पलतानं रिकाम्या खाचेत आपल्या चपट्या पेटीची पट्टीवायर बसवली, दुसरी केबल कॉम्प्युटरला जोडली. "ही पेटी त्या चिपचं सोंग घेते. प्रोग्राम शेजारच्या चिपमध्ये आहे, तोच चालणार. फक्त आता त्याला मधेच थांबवून विचारता येईल, काय चाललंय बाबा?"

पडद्यावर काहीच उमटेना. महाराज खदाखदा हसले, "यंत्राचीही वाचा गेली!"

"वाचा नाही गेली. केबल माउसच्या जागी खुपसलीय." तिनं ती शेजारी लावली. डोळे हिरवे झाले.

मग ती प्रोग्राम एकेक पाऊल चालवू लागली. तांदूळ ठेवा, काढा. पेटीला पत्ता नाही. "तांदळाशी हिचा संबंधच नाही. ही एका वायरीची वाट बघतेय. वायर गेलीय तुमच्या गादीखाली. जरा उठता?"

"हे सिद्धासन आहे!"

"ऊठ की रं बाबा," एक म्हातारी म्हणाली, "मुळं फुटलीत का तुला?"

गादीखाली, डाव्या गुडघ्याजवळ, दारावरच्या घंटीचं बटण निघालं.

धाकली सरळ त्या गादीवर बसली. "भाऊजी, ठेवा तांदूळ."

ढवळू मागे सरकला.

"ठेवा ना. शुद्ध घर तुमचं, भ्यायचं कशाला?"

लोकांनीच त्याला पुढे ढकललं. त्यानं मूठ सोडली. धाकलीनं गुडघ्यानं बटण दाबलं. डोळे लालभडक.

"मी नाय जाणार," ती म्हणाली. "तुला जायचं तर जा."

भुताळीण नावाची गोष्ट जगात नाही. आहे ती कुणाला तरी हवी असलेली जमीन, आणि आपली भीती. देव कुणाकडे बोट दाखवू लागला, की हात जोडण्याआधी एवढंच करा: गादीवरच्याला उठवा.