अडणारा दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. मागे घर नसलेला. सिनेमाच्या सेटवर माझ्या पाठीशी दोरखंड, रंगाचे रिकामे डबे आणि एक डुलक्या घेणारा दिवेवाला, एवढाच माझा संसार होता.

जन्माने मात्र मी खऱ्या घराचा. ते घर पाडलं तेव्हा सिनेमाचे सेट उभारणाऱ्या सुतारमामांनी मला उचलून आणलं. ओल खाऊन मी खालून फुगलो होतो. उंबऱ्याला घासायचो, अडायचो. आपण आता कुणाच्या कामाचे नाही, ही धास्ती तेव्हापासून मनात घर करून बसलेली.

मला उभं केलं ते एका खुनाच्या चित्रपटात, अगदी पहिल्या दृश्यात. एक म्हातारी बाजारातून येते, कुलूप काढते, आत शिरते. पुढच्या दृश्यात तिचा खून झालेला असतो. ते काम करणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत.

"आणि वाक्य एकही नाही?" आक्कांनी विचारलं.

"नाही," दिग्दर्शक म्हणाला. "तरी बाई कोण, घर कसं, सगळं कळलं पाहिजे. नाही जमलं तर हे दृश्यच काढू. सरळ मृतदेहापासून सुरुवात."

"अरे बाळा, मरण्याआधी जगायला मला एवढंच एक दृश्य! मी कोण हेच कळलं नाही, तर माझ्या मरणाचं लोकांना काय सोयरसुतक?"

आक्कांनी मला ढकललं. मी अडलो. पुन्हा ढकललं, पुन्हा अडलो. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापायी त्यांचं काम जाणार!

सुतारमामा रंधा घेऊन धावले. "सरका आक्का, दोन हात मारतो. लोण्यासारखा उघडेल बघा."

रंधा माझ्या कडेला टेकला, तोच आक्का ओरडल्या, "हात आवरा मामा! एकट्या बाईच्या घरी कोण रंधा मारायला येतंय? ती दरवाजाच्या खोडीसकट नांदते."

त्यांनी पिशवी काखेत मारली, मूठ धरून मला जरासं वर उचललं आणि गुडघ्याचा हलका धक्का दिला. माझ्याकडे न बघता. मी उघडलो.

मी थक्क झालो. त्या एका धक्क्यात तिचं एकटेपण होतं, जुनं घर होतं, दोघांची एकमेकांना झालेली सवय होती. माझ्यामागे रिकामे डबेच होते, पण क्षणभर मलाच वाटलं, आत चूल आहे.

आक्का दिग्दर्शकाकडे वळल्या. "खुनी म्हातारीचा भाचाच ना? पुढे पोलिसांना सांगणारा, की मावशीच्या घराची पायरी मी कधी चढलोच नाही?"

"हो."

"मग माझ्यामागून त्यालाही असंच, पहिल्याच धक्क्यात आत येऊ दे. तोंड दाखवू नकोस. नुसता हात आणि गुडघा."

दिवेवाल्याची झोप उडाली होती. मामांनी रंधा खाली ठेवला. "आई गं," ते पुटपुटले, "काटा आला अंगावर."

दृश्य राहिलं. आक्का राहिल्या.

आता मी गोदामात भिंतीला टेकून असतो. पाठीवर मामांनी खडूने लिहिलंय, 'रंधा मारू नये.' चार फळ्यांच्या जिवात एवढी गोष्ट कशी मावली, मला अजून उमगत नाही. कदाचित मी उगाच मोठेपणा घेत असेन.

कधी माझ्यापाशी आलात, तर ढकलून बघा. अडलो तर रागावू नका. पण पहिल्याच खेपेला उघडलो, तर मात्र जपा. बघणाऱ्यांना कळेल, तुम्ही इथे आधी येऊन गेलायत.