खात्रीबाईंचे बारा शाफ्ट

मी एक जुना मायक्रोमीटर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. अर्धगोल वाकलेली माझी पोलादी फ्रेम, तिच्या दोन टोकांमध्ये माझा जबडा आणि शेपटीकडे एक फिरकी. फिरकी फिरवली की जबडा मिटतो आणि मध्ये धरलेल्या वस्तूची जाडी माझ्या अंगावरच्या रेघांवर वाचता येते. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातला एक भाग कमीजास्त झाला तरी मला कळतो. तुमच्या डोक्यावरच्या एका केसात माझे असे सहा-सात भाग बसतात. ही बढाई आहे, पण खरी आहे. 'अंदाजे', 'साधारण', 'चालतंय की' असले शब्द ऐकले की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. आणि तरीही मला सांगायची आहे ती मी खोटे बोललो त्या दिवसाची गोष्ट.

माझा जन्म मोजमापाची हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात झाला. भट्टीत तापलो, तेलात विझलो, दगडावर घासला गेलो आणि शेवटी पांढरा कोट घातलेल्या एका बाईंच्या हातात आलो. त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि माझ्यासोबत एक छोटी पोलादी कांडी दिली, बरोबर पंचवीस मिलिमीटरची. मी पंचवीसपासून पन्नासपर्यंत मापतो. ती कांडी जबड्यात धरल्यावर मी पंचवीसच दाखवले तर समजायचे की गडी खरे बोलतोय. लाकडी डबीत आम्ही दोघे शेजारी शेजारी झोपलो आणि दुकानातून एका वर्कशॉपमध्ये पोचलो.

त्या वर्कशॉपमध्ये पाण्याच्या पंपांचे शाफ्ट बनत. शाफ्ट म्हणजे पंपाच्या पोटात गरगर फिरणारा पोलादी दांडा. लांबट खोली, एका ओळीत सहा लेथ म्हणजे पोलाद गरगर फिरवत कापायची यंत्रे, जमिनीवर पोलादाच्या किसाची वेटोळी आणि सगळ्या वस्तूंना चिकटलेला तेलाचा वास. लेथवर काम करणाऱ्यांना टर्नर म्हणतात. आमच्याकडचे सगळे टर्नर पुरुष होते आणि त्यांना आपल्या नजरेचा फार अभिमान होता. कांडी लावून मला तपासणे हे शिकाऊ माणसाचे काम, असा तिथला समज होता. जो तो मला उचलायचा, शाफ्टला चिकटवायचा आणि पुढे जायचा. कांडी बिचारी डबीत वर्षानुवर्षे पडून होती.

मग एक नव्या बाई कामाला आल्या. टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स करून, पहिल्या नंबरचे सर्टिफिकेट घेऊन आल्या होत्या. फोरमननी ते उलटसुलट करून पाहिले आणि त्यांना कानस घेऊन टेबलावर बसवले. इतरांनी बनवलेल्या जॉबच्या, म्हणजे तयार भागांच्या, कडा घासायच्या, जॉब पुसून कागदात गुंडाळायचे आणि पाहुणे आले की चहाचे बघायचे. चहाचे काम कोर्समध्ये शिकवले नव्हते, पण ते त्यांना येत असणारच, असे सगळे धरून चालले. केस टोपीत घट्ट बांधून त्या रोज सगळ्यांच्या आधी येत आणि रिकाम्या लेथकडे बघत.

दीड वर्षाने एका टर्नरच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि काम खोळंबले. नाइलाजाने फोरमननी त्यांना लेथवर उभे केले. त्यांनी डबी उघडली आणि सर्वांत आधी ती कांडी बाहेर काढली. मित्रांनो, मला इतके बरे वाटले की काय सांगू! इतक्या वर्षांत मला कोणीतरी विचारले होते, बाबा रे, तू ठीक आहेस ना? मी पंचवीस दाखवले. मगच त्यांनी काम सुरू केले. तो शाफ्ट फोरमननी माझ्याकडून पाच वेळा मापून घेतला. चूक सापडेना, तेव्हा म्हणाले, "बरा झालाय." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नव्हती.

त्यांना लेथ मिळाले आणि एक नावही मिळाले. रोज सकाळी आणि प्रत्येक शेवटच्या कापाआधी त्या कांडी लावत, म्हणून टर्नर मंडळींनी त्यांना 'खात्रीबाई' म्हणायला सुरुवात केली. "काय खात्रीबाई, घरी भाजीत मीठपण मापून घालता का?" असे रोज कोणीतरी विचारी आणि बाकीचे रोज नव्याने हसत. त्याही हसत, पण कांडी लावत. दोन वर्षांत त्यांचा एकही शाफ्ट परत आला नाही. टर्नरांचे अधूनमधून येत. तेव्हा पोलाद खराब होते, वीज कमी-जास्त झाली होती, असे काहीतरी निघायचे.

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून त्यांची आठ वर्षांची मुलगी वर्कशॉपमध्ये येऊन खोक्यावर बसली होती. त्यांनी तिला नुकताच उतरवलेला शाफ्ट दाखवला. "आपल्या नळाला पाणी येतं ना, ते हा फिरतो म्हणून येतं."

"हा तू केलास? एकटीने?"

"एकटीने."

मुलीने त्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "मग तुझं नाव कुठंय?"

"नाव नसतं गं. बरोबर बसला की झालं."

असे म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी तो शाफ्ट त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला.

पुढे वर्कशॉपमध्ये एक मोठे लेथ आले. ते कोणाला द्यायचे यावर बरीच कुजबुज झाली. त्याच वेळी पाणीपुरवठा खात्याकडून बारा शाफ्टचे काम आले. मॅनेजरसाहेबांनी खात्रीबाईंना बोलावून सरळ सांगितले, "हे बारा तुम्ही करा. बारा बरोबर निघाले तर मोठं लेथ तुमचं." तोवर तिथे कोणत्याही बाईकडे मोठे यंत्र नव्हते. खात्रीबाईंनी फक्त मान हलवली. लेथवर परत आल्यावर मात्र त्यांनी मला आणि कांडीला नव्या फडक्याने पुसून घेतले.

तीन दिवसांत त्यांनी नऊ शाफ्ट केले. नऊच्या नऊ अचूक.

चौथ्या दिवशी सकाळी, त्या यायच्या आधी, फोरमननी मला डबीतून काढले. कोणाच्या तरी जॉबचे माप घेतले आणि मला लेथच्या कडेवर ठेवले. मग वळताना त्यांचे कोपर लागले आणि मी खाली सिमेंटच्या फरशीवर आपटलो. फोरमननी मला उचलले, शर्टाला पुसले, इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. त्यांनी मला डबीत ठेवून झाकण लावले. माझी फ्रेम अगदी किंचित वाकली होती. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण मी तीन शतांश जास्त दाखवू लागलो होतो. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटा झालो आणि मला ते कोणालाही सांगता येत नव्हते. फक्त कांडी सांगू शकली असती.

त्या दिवशी खात्याचे दोन तपासनीस काम बघायला आले. खात्रीबाईंच्या लेथभोवती ते, मॅनेजरसाहेब, फोरमन आणि चार टर्नर असा घोळका उभा राहिला. खात्रीबाईंनी डबी उघडली. सवयीने त्यांची बोटे कांडीकडे गेली. तेवढ्यात फोरमन हसत म्हणाले, "अहो बाई, पाहुणे बघतायत. आमचा आमच्याच हत्यारावर भरवसा नाही असं वाटायचं त्यांना."

घोळक्यात हशा पिकला. फोरमनना कांडी लागू द्यायची नव्हती की ते नेहमीसारखेच चिडवत होते, हे मला आजही ठरवता येत नाही. खात्रीबाई एक क्षण थांबल्या. इतकी वर्षे त्या हसण्याला त्या पुरून उरल्या होत्या. पण त्या दिवशी मोठे लेथ समोर दिसत होते आणि त्यांना कसेही करून इतर टर्नरांसारखे दिसायचे होते. त्यांनी कांडी तशीच राहू दिली आणि मला उचलले.

मी त्यांना तीन वेळा फसवले. दुपारी तपासनिसांनी बेअरिंग, म्हणजे शाफ्टवर घट्ट बसणारे गोल कडे, घालून पाहिले. नऊ शाफ्टवर ते ठोकून बसवावे लागले, जसे बसायला हवे तसे. शेवटच्या तिघांवर ते हाताने सरकले. तीन शाफ्ट ढिले. पोलाद एकदा जास्त कापले गेले की परत लावता येत नाही.

खात्रीबाई पुढे झाल्या. "साहेब, मायक्रोमीटर एकदा तपासू या."

"सकाळी तपासला नव्हता का?" मॅनेजरसाहेबांनी विचारले.

आता त्या खोटे बोलल्या असत्या तर कोणाला कळणार होते? पण त्यांनी मान खाली घालून सांगितले, "नाही साहेब. आज कांडी लावली नाही. चूक माझीच."

"जाऊ द्या साहेब," फोरमन म्हणाले. "बाईमाणसाने नऊ काढले हेच खूप झालं." आणि त्यांनी डबी उचलून आपल्या केबिनमध्ये नेली. दार लोटून त्यांनी मला कांडी लावली. पंचवीस आणि वर तीन शतांश. ते बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मला वाटले, आता उठतील, बाहेर जातील. ते उठले, मला खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावले आणि चहा मागवला.

माझ्या मापाबद्दल फोरमननी बाहेर काही सांगितले नाही, म्हणजे मी बरोबरच असणार असे खात्रीबाईंनीही धरले. मोठे लेथ दुसऱ्याला मिळाले. खात्रीबाईंना पॅकिंगच्या टेबलावर पाठवले. मी अकरा वर्षे त्या ड्रॉवरमध्ये होतो. कानावर सगळे पडायचे. नोकरीसाठी एखादी मुलगी सर्टिफिकेट घेऊन आली की फोरमन म्हणायचे, "बायकांना लेथ जमत नाही. होती एक आमच्याकडे, तीन शाफ्ट वाया घालवले." नऊ शाफ्टचे नाव ते कधी घेत नसत. किती मुली परत गेल्या ते मी मोजले नाही. मोजण्याचा धंदा असूनही मोजले नाही, कारण प्रत्येक वेळी मला आतून मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

फोरमन रिटायर झाले त्या दिवशी दुपारी त्यांनी ड्रॉवर उपसला. शेजारच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता, लोक जमत होते. ते डबी घेऊन पॅकिंगच्या टेबलाशी गेले. खात्रीबाईंचे केस कानांजवळ पिकले होते. त्या खोक्याला सुतळी बांधत होत्या.

"हा तुम्ही ठेवा," फोरमन म्हणाले. "याच्यात तीन शतांशांचा फरक आहे. त्या दिवशी सकाळी माझ्या हातून पडला होता."

खात्रीबाईंनी सुतळी सोडली. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला. "मी अकरा वर्षं समजत होते, माझा हात चुकला. घरीसुद्धा एखादी गोष्ट दोनदा केल्याशिवाय सोडवत नाही." मग सुतळी पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "मला आता लेथ नको, डोळे साथ देत नाहीत. पण सगळे आत बसलेत. एवढं आत जाऊन सांगा."

"बघतो," फोरमन म्हणाले.

हॉलमधले भाषण टेबलापर्यंत ऐकू येत होते. फोरमननी सगळ्यांचे आभार मानले, पहिल्या पगाराची आठवण सांगितली, लोकांना दोनदा हसवले. खात्रीबाई शेवटच्या टाळीपर्यंत उभ्या होत्या. मग त्यांनी मला एप्रनच्या खिशात घातले आणि उरलेली खोकी बांधली.

काही आठवड्यांनी एक मुलगी अर्ज घेऊन आली. नवे फोरमन पूर्वी आमच्याच ओळीत टर्नर होते. त्यांनी ते जुने वाक्य सुरू केले, "होती एक आमच्याकडे..." खात्रीबाई केबिनच्या दारात गेल्या आणि मला टेबलावर ठेवले. "ती मीच. बारा केले होते. नऊ बरोबर होते आणि तीन याच्या चुकीने गेले. हा पडला होता आणि ज्यांच्या हातून पडला त्यांनी सांगितलं नाही. हवं तर मापून बघा."

नव्या फोरमननी मला उचलून पाहिले. मग ते मुलीला म्हणाले, "अर्ज ठेवून जा. बघू."

अर्ज ठेवून घेतला हे खरे, पण तिला लेथ मिळाले की कानस, ते मला माहीत नाही. मी आता खात्रीबाईंच्या घरी कपाटात आहे. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात एका दुकानात हिशेब लिहिते. लहानपणी तिला लेथवरच काम करायचे होते, पण बायकांना ते जमत नाही असे तिने त्याच वर्कशॉपच्या दारात ऐकले होते आणि आईने तेव्हा ते खोडून काढले नव्हते. मायलेकी हे बोलत नाहीत. मला मात्र त्याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

मित्रांनो, हत्यारे जपून वापरा, उंचावरून पाडू नका, असे मी सांगेनच. पण पडतात. कोणाच्याही हातून पडतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त पडले की तिथल्या तिथे सांगा. फोरमन त्या सकाळी चार शब्द बोलले असते, तर मी आठवड्याभरात दुरुस्त होऊन आलो असतो आणि मोठ्या लेथवर खात्रीबाई उभ्या राहिल्या असत्या.