आईच्या लग्नाची पत्रिका मी शिवली

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, काळ्या अंगाची, सोनेरी वेलबुट्टीची. वेलबुट्टी आता निम्मी पुसली आहे. तरीही मित्रांनो, मला जरा ताठ मानेनेच बोलू द्या. कपडे शिवणाऱ्या मशिनी घरोघरी असतात. लग्नाची पत्रिका शिवणारी मशीन तुम्ही पाहिली आहे का? नाही ना? मग ऐका.

कारखान्यात लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडले आणि मी एका दुकानाच्या काचेआड येऊन उभी राहिले. तिथे एक तरुण बाई थोरल्या भावाबरोबर आली. तिचा नवरा नुकताच वारला होता आणि कडेवर लहानगी लेक होती. भावाने मला विकत घेतले आणि बहिणीला म्हणाला, "हिच्या जोरावर उभी राहा. कुणापुढे हात पसरू नकोस."

ती खरेच उभी राहिली. झबली, गणवेश, पडदे, नवरीचे कपडे, काय काय शिवले आम्ही! माझ्या आवाजाशिवाय त्या लेकीला झोप येत नसे. गिऱ्हाइके कपडा उलटा करून खोट शोधत आणि मालकिणीचा सरळ टाका पाहून गप्प बसत. कौतुक तिचे होई, पण फुगून मी जाई.

पुढे लेक नोकरीला लागली. मालकिणीची नजर अधू झाली, सुई ओवता येईना. माझ्यावर चादर पडली. चादरीवर रद्दी आली आणि रद्दीवर एक कुंडी. कुंडीचे पाणी अंगावर ओघळे आणि मी मुकाट्याने गंजत राही.

शेवटी लेकीने आईला बळेबळे चष्म्याच्या दुकानात धाडले. दुकानदार विधुर होता, हळू आवाजात बोलणारा. चष्मा देताना म्हणाला, "सुई ओवता येते का, ते येऊन सांगा हं." ती सांगायला गेली. मग तिला दर आठवड्याला सांगण्यासारखे काहीतरी सापडू लागले. वर्षभराने दोघांनी लग्न करायचे ठरवले.

ते ऐकून थोरला भाऊ, म्हणजे लेकीचा मामा, भडकला. "या वयात हे कसलं खूळ? पोरीनेच भरीला घातलं असणार!" असे म्हणून त्याने येणेजाणेच बंद केले. मालकीण पार खचली.

"सह्या करू आणि घरी येऊ," ती म्हणाली. "कुणाला बोलवायचं नाही."

"चोरी करतेयस का आई?" लेक म्हणाली. "पत्रिका निघणार. छापखान्यात जायची लाज वाटत असेल, तर मी घरीच करते."

तिने जाड कागद आणला आणि स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहिला: 'आमच्या आईचं लग्न आहे. नक्की या. तुमची वाट पाहणारी, तिची लेक.' कडेने लाल दोऱ्याची शिलाई घालायची असे तिच्या मनात होते. तिने माझ्यावरचा पसारा उतरवला, गंज पुसला, तेल घातले, पट्टा आवळला. माझे चाक फिरले. पण हाय! बारीक टाक्याने कागदाला भोकेच भोके पडली आणि कड टपालाच्या तिकिटासारखी सुटून आली. दुसरा कागदही फाटला. तिसराही.

मालकीण स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. कागद फाटल्याचा तो आवाज तिला ऐकवेना. हात पुसत ती बाहेर आली.

"अगं, कागदाला कापडाचा टाका चालतो का? टाका मोठा कर. आणि ओढू नकोस त्याला, आपोआप जाऊ दे."

"मग तूच कर."

"मी? माझ्याच लग्नाची?"

"का? आजवर दुसऱ्यांच्या लग्नाचं इतकं शिवलंस!"

मालकिणीने चष्मा लावला, निसटलेला दोरा एका झटक्यात सुईत ओवला आणि बसली. कापडावर मी गुणगुणते. कागदावर मी टकटक चालले, पण अशी चालले की एकही कड फाटली नाही. मजकूर वाचता वाचता ती हसत होती आणि चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होती.

पहिली पत्रिका लेकीने मामाला पोचती केली. दोन दिवसांनी तो पत्रिका घेऊन दारात हजर झाला.

"हा टाका तुझा आहे," तो बहिणीला म्हणाला.

"हो."

"म्हणजे पोरीने भरीला घातलेलं नाही."

"नाही, दादा. माझ्याच मनातलं आहे."

इतके उघड ती प्रथमच बोलली होती. मामा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. पत्रिका उलटसुलट करून तो एकदम खेकसला, "अन् यात माझं नाव कुठाय? थोरला भाऊ मेलाय का?"

उरलेल्या सगळ्या पत्रिकांवर लेकीशेजारी मामाचेही नाव आले. लग्नाला आलेले पाहुणे नवराबायकोला भेटत आणि लगेच पत्रिकेची शिलाई बोटाने चाचपून बघत. मालकीण सासरी निघाली तेव्हा नवरदेवाने आणि मामाने मिळून मला जिन्यावरून उतरवले. "सांभाळून!" असे दोघेही एकमेकांवर ओरडत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने यंत्र कोपऱ्यात उभे असेल. त्याला भंगारात काढण्याआधी एकदा तेल देऊन पाहा, एखादे नवे काम सांगून पाहा. आम्ही कामाला लाजत नाही. माझेच बघा ना, आणखी बोलायला आता मला सवड नाही. समोरच्या घरातल्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि ती जाड कागद घेऊन दारात उभी आहे.