आतून एकशे अठ्ठावन्न

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे तीनच वर्षांची. पण एवढ्यात माझी चाकं गेली, कडी गेली आणि अंगाचे आठ सेंटीमीटर गेले. हे ना वाळवीनं झालं ना पाण्यानं. दोन माणसांच्या हट्टापायी झालं. तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला बनवणारा सुतार चाळीस वर्षं पेट्या आणि कपाटं करत आला होता. त्याची लेक त्याच्याच हाताखाली तयार झाली. तिचे सांधे बापापेक्षा सुबक, हे गिऱ्हाइकं उघड बोलत. तसं कुणी बोललं की बाप म्हणे, "लाकूड चांगलं होतं." शेवटी शेवटी तर दोघं एकाच बाकावर काम करत आणि बोलणं आईमार्फत. "आई, बाबांना सांग, काटकोन बघायला गुण्या हवाय." गुण्या बापाच्या हातात, बाप दोन हातांवर, आणि आई बिचारी भाजी टाकून आतून धावत येई!

मग लेकीला दूरदेशीच्या एका बोटी बांधणाऱ्या कारखान्याचं बोलावणं आलं. आपल्या हत्यारांनी तीन दिवस काम करून दाखवायचं, पसंत पडलं तर पक्की नोकरी. बापाला ते झोंबलं. पण राग आला की या माणसाचे हात स्वस्थ बसत नाहीत. कुणी सांगितलेलं नसताना तो तिच्या हत्यारांसाठी मला बनवायला लागला.

त्या दिवशी लेक आईला मध्ये न घालता बोलली. विमान कंपनीचा कागद तिनं बाकावर ठेवला.

"बाबा, लांबी, रुंदी, उंची, तिन्हींची बेरीज एकशे अठ्ठावन्न सेंटीमीटर. त्याच्या वर गेली तर घेत नाहीत. आणि बाहेरून मोजतात. चाकं आणि कडी धरून."

"मला माप शिकवतेस? पेटीचं माप आतून असतं. गिऱ्हाईक सामान आत ठेवतं, बाहेर चिकटवत नाही."

त्याच्या धंद्यात ते खरंही होतं. गिऱ्हाईक सांगे, एवढ्या रजया मावल्या पाहिजेत, की हा आतलं माप धरून फळ्या कापी. बाहेर किती होते याच्याशी त्याला घेणंदेणं नसे. विमानाला मात्र असतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. पालथ्या घड्यावर पाणी! तो कागद डिंकाच्या डब्याखाली गेला आणि तिथंच चिकटला.

माझ्या कारागिरीला मी नावं ठेवणार नाही. कोपऱ्यात एक खिळा नाही. आत पटाशीला, करवतीला, हातोडीला आपापल्या आकाराची जागा. तळाशी एक उचलता येणारी फळी, आणि तिच्याखाली बापाचा स्वतःचा रंधा, ज्याला हात लावायची घरात कुणाचीही टाप नव्हती. लेकीकडे स्वतःचा रंधा नव्हता. ती बाहेर गेलेली पाहून त्यानं तो फडक्यात गुंडाळून तिथं ठेवला. आतून माझी बेरीज केली, एकशे अठ्ठावन्न, आणि मिशीतल्या मिशीत हसला.

संध्याकाळी लेक दारात उभी राहिली. एक डोळा बारीक करून तिनं मला पाहिलं. सुताराच्या पोरीला टेप लागत नाही. तिला तिथंच कळलं. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "छान झालीय." दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं एक नायलॉनची बॅग आणली आणि घडी घालून खांद्याच्या पिशवीत दडवली. मित्रांनो, बापाच्या हट्टाचा मला राग आहेच, पण या "छान"चा जास्त आहे.

विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं मला टेप लावली. "एकशे त्र्याहत्तर. ही जाणार नाही."

"एकशे अठ्ठावन्न आहे," बाप म्हणाला. "आतून बघा."

"काका, विमानात आख्खी पेटी जाते. नुसती आतली जागा नाही जात."

रांगेत खसखस पिकली. बाप चाकांचे स्क्रू काढायला वाकला. बाई म्हणाली, "चाकं, कडी, दोन्ही काढलं तरी एकशे पासष्ट होतंय. मागची माणसं खोळंबलीत."

लेकीनं शांतपणे ती नायलॉनची बॅग काढली आणि झटकली. बाप त्या बॅगेकडे बघतच राहिला.

"तुला माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं. एकदा."

हत्यारं कपड्यांत गुंडाळून ती भराभरा भरायला लागली. तळाची फळी उचलली आणि तिला रंधा दिसला. तिचे हात थांबले. बाप खाली बघत म्हणाला, "घे. तिथे कुणाकडे मागू नकोस."

"नको," ती म्हणाली. "तोही आतूनच मोजला असेल."

रांग पुन्हा हसली. बापानं माझं झाकण लावलं आणि मला ओढत घरी आणलं.

तिसऱ्या दिवशी तिकडे तिला एक लांब फळी सरळ करायला दिली. उसना रंधा तिच्या हाताला बसेना. फळीला बाक राहिला. तिला नोकरी मिळाली, पण घासकामाची. सांध्यांना हात लावायचा नाही. फोनवर हे तिनं आईला सांगितलं, तेव्हा बाप बाकाशीच उभा होता. हातातली पटाशी त्यानं खाली ठेवली, ती त्या दिवशी परत उचलली नाही.

वर्षभर मी फडकी आणि डिंकाचे डबे सांभाळले. मग आईचं लेकीकडे जायचं ठरलं. तेव्हा बापानं आईला समोर बसवलं. "तो विमानाचा नियम वाच. सावकाश. माप कुठून धरायचं म्हणतात?" आईनं वाचलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग माझी चाकं उतरवली, कडी काढून दोरी लावली, एक बाजू खोलून माझे आठ सेंटीमीटर कापले. बाहेरून एकशे सत्तावन्न. काउंटरवर कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

लेकीनं आपल्या खोलीत मला पाहिलं आणि आईला पाणी द्यायच्या आधी टेप काढली. बाहेरून मोजलं. मग झाकण उघडून फळी उचलली. रंधा होता.

"बाबांना कुणी पटवलं?"

"कुणी नाही," आई म्हणाली. "त्यांनीच विचारलं मला."

लेक माझ्याशेजारी जमिनीवर बसली. माझ्या कापलेल्या बाजूवर हात ठेवून म्हणाली, "मला दारातूनच कळलं होतं, आई. मी मुद्दाम गप्प बसले. सगळ्यांसमोर त्यांची फजिती व्हावी म्हणून."

आईनं तिला जवळ घेतलं नाही. फोन तिच्यापुढे सरकवला. "हे मला नको सांगूस."

तर मित्रांनो, पेटी भरण्याआधी ती बाहेरून मोजा, चाकं आणि कडी धरून. ठाऊक नसेल तर विचारा. विचारल्यानं कुणाचे हात झडत नाहीत. आणि समोरचा चुकतोय हे दिसलं, तर एकदा सांगून हिशेब मिटला असं मानू नका. दुसऱ्यांदा सांगा. तिनं त्या दारात एवढंच केलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी रंध्यासकट विमानात चढले असते.