सात नंबरचा चहा

शारशेनच्या फाटकाशेजारी एक पाटी होती, पाटीवर अकरा नियम होते, आणि अकराही त्यानं स्वतः निळ्या रंगानं लिहिले होते. गाडी नदीत धुवू नये. कुत्रं बांधून ठेवावं. नेमल्या जागेबाहेर चूल पेटवू नये. रात्री दहानंतर गाऊ नये; ज्यांना गाता येत नाही त्यांनी आधीही गाऊ नये. चहा खिडकीवर मिळेल. असे अकरा. कोकोमेरेन नदीच्या वळणावर, वाळुंजाच्या झाडांखाली, तंबूंसाठी वीस जागा, लोकरीच्या नमद्याची चार गोल घरं आणि चहाची ती एक खिडकी, एवढा त्याचा उन्हाळी तळ. जून उजाडला की राजधानी बिश्केकची माणसं यायची, पाठीवर बोचकी घेतलेले परदेशी यायचे, आणि सगळे मिळून अकराच्या अकरा नियम मोडायचे. मग शारशेन गळ्यातली शिट्टी फुंकत तळभर हिंडायचा. साठी उलटली होती, पण शिट्टीचा दम तरण्याबांड पोराचा होता.

त्या शनिवारी मात्र शिट्टी वाजवतानाही तो सारखा रस्त्याकडे बघत होता, कारण व्याही येणार होते.

एकुलता एक मुलगा एर्मेक रबरी होड्यांतून लोकांना नदीवर फिरवायचा. हिवाळ्यात बिश्केकला गेला आणि जिबेक नावाच्या मुलीत अडकला. आता मुलीचे आईवडील डोंगरापलीकडून घर बघायला येणार होते. त्यांना शारशेननं कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी शारशेनला पाहिलं नव्हतं. एर्मेक सकाळीच होड्या घेऊन खाली गेला होता तो संध्याकाळी परतायचा, आणि फोन लागायचा तो फक्त टेकडीच्या माथ्यावर, तोही वारा पडला असला तर.

"मुलीचा बाप, किदिरमिश, जुन्या वळणाचा आहे," एर्मेक जाताना बजावून गेला होता. "दोन स्थळं परत पाठवलीत त्यानं. त्याला एकच बघायचं असतं, घरात पाहुण्याला मान आहे की नाही."

आणि शारशेनची दुखरी नस नेमकी हीच होती. दरीत लोक म्हणायचे, शारशेनकडे पाहुणा आला की आधी पावती फाडतात, मग सलाम करतात. त्याच्या बापाच्या दाराला कडी नव्हती, आणि याच्या दाराला फाटक, फाटकाला पाटी. तळ थाटल्यापासून शारशेन हे टोमणे गिळत आला होता. चहा विकणाऱ्याच्या घरात मुलगी देत नाही, असं तो किदिरमिश म्हणाला, तर लग्न तर मोडेलच, शिवाय टोमणे खरे ठरतील. पोरगं त्याला आयुष्यभर काही बोलणार नाही, आणि ते न बोलणंच त्याला सोसणार नव्हतं.

"अहो, येरझारा घालून गवत मेलं तिथलं," त्याची बायको बुरुल कढईतून म्हणाली. म्हणजे कढई घासता घासता म्हणाली, पण डोकं आतच होतं. "पाहुणे आले की बसवायचं, चहा द्यायचा. एवढंच आहे ते."

"आणि प्याला अर्धाच भर."

"मला शिकवताय? खिडकीवर काठोकाठ कोण ओततं? तुम्ही!"

हे खरं होतं. पाहुण्याचा प्याला अर्धाच भरायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो आणि माणूस बसून राहतो. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ 'प्या आणि निघा'. एवढं त्या दरीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण तळावरच्या गिऱ्हाइकांनी तक्रारवहीत लिहिलं होतं की इथं अर्धा चहा देऊन लुबाडतात. तेव्हापासून तीन उन्हाळे शारशेन खिडकीवर काठोकाठ ओतत होता, आणि आता हाताला तीच सवय लागली होती.

नवाच्या सुमाराला फाटकाशी एक जुनीपुराणी झिगुली मोटार धापा टाकत उभी राहिली. आतून एक लांबोडक्या चेहऱ्याचा म्हातारा आणि पांढरा रुमाल बांधलेली बाई उतरली. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून सलाम केला, घरच्यांची खुशाली विचारली, मेंढरांची विचारली, घोड्यांची विचारली. शारशेनचं सगळं लक्ष मागच्या रस्त्याकडे.

"मजेत, मजेत. कुत्रं आहे?"

"नाही."

"गाडी नदीत धुवायची नाही. सात नंबर, त्या वाळुंजामागे."

म्हातारा जरा थांबला. "चहा..." त्यानं सुरुवात केली.

"खिडकीवर," शारशेन म्हणाला आणि शिट्टी वाजवून त्यानं झिगुलीला वाट दाखवली. बाई जाता जाता पाटी वाचत राहिली. अकराही नियम तिनं वाचले.

तासाभरानं जीप आली. काळी, चकचकीत, आणि एवढी मोठी की तिच्यात झिगुली बसली असती. शारशेननं एकदाच पाहिलं आणि ओळखलं, हेच व्याही. पूर्वी पाहुण्याच्या घोड्याचा लगाम धरायचे, तसा धावत जाऊन त्यानं जीपच्या दाराचा दांडा धरला. आतून एक गुबगुबीत, घामेजलेला माणूस आणि काळा चष्मा लावलेली त्याची बायको उतरली.

आता कोणी म्हणेल, नाव का नाही विचारलं? विचारायचं कसं? पोटात चहा आणि नान जाण्याआधी पाहुण्याला तू कोण, कुठला, असं विचारणं म्हणजे त्याला दारातच तोलणं. पाहुण्यानंही विचारल्याशिवाय आपलं सांगत सुटायचं नाही. आणि चहा झाल्यावर विचारावं, तर ज्या व्याह्याची सकाळपासून वाट पाहिली त्यालाच "तुम्ही कोण" म्हणायचं? त्यापेक्षा शारशेननं कोकोमेरेनमध्ये उडी मारली असती.

त्या गुबगुबीत माणसाचं नाव अझमात. बिश्केकला त्याचं फरशांचं दुकान होतं आणि तो मासे पकडायला आला होता. नमद्याच्या घरात त्याला सगळ्यांत वरच्या गादीवर बसवलं. अर्धा प्याला चहा झाला, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. मग शारशेननं दारात मेंढरू आणून उभं केलं, वर्षभर खुराक खाल्लेलं, आणि रीतीप्रमाणे कापण्याआधी पाहुण्यांचा आशीर्वाद मागितला.

"आमच्यासाठी?" अझमात चकित झाला.

"मग कोणासाठी!"

अझमातनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं चष्मा वर सरकवून मेंढराकडे पाहिलं, आणि दोघांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवून आशीर्वाद दिला. "काय सोय ठेवलीय हो यांनी," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली. "इसिक-कुल तळ्यावरच्या हॉटेलात साधा टॉवेल मागावा लागतो."

मांस शिजेपर्यंत शारशेननं हळूच विषयाला हात घातला. "बाकी, आपली पोर कशी आहे?"

"आमची? झकास!" अझमात म्हणाला. "गेल्या आठवड्यात पुढचे दोन दात पडले, तेवढंच."

शारशेनचा प्याला ओठाशीच थांबला. "पडले?"

"एक आपोआप पडला. दुसरा मी दाराला दोरा बांधून ओढला."

"रडली?"

"छे! दाताबद्दल सायकल पाहिजे म्हणाली."

शारशेन कसाबसा उठला आणि घरामागे चुलीपाशी गेला. "बुरुल, सून बोळकी आहे. आणि बाप कसाई आहे."

बुरुलनं फेस काढता काढता विचार केला. "पोराला आवडलीय ना? मग सोन्याचे बसवू. माझ्या आईचे तर सगळेच सोन्याचे होते."

शारशेननं आत जाऊन मेंढराचं डोकं मानानं अझमातपुढं ठेवलं. अझमातला घाम फुटला, पण त्यानं रीतीप्रमाणे कान कापून बायकोला दिला आणि बाकीचं भक्तिभावानं खाल्लं. "दादा, तुम्ही जाहिरात करायला पाहिजे," तो बोटं चाटत म्हणाला. शारशेनला ते मोघम वाटलं, पण व्याही खूश आहे एवढं कळलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

दुपार कलताना तो पोटावर हात फिरवत बाहेर आला, आणि त्याला वाळुंजामागून धूर दिसला. सात नंबर! नेमल्या जागेबाहेर चूल! आजच्या दिवशी, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत! शिट्टी फुंकत तो तरातरा तिथं पोचला.

झिगुलीवाला म्हातारा दगडांच्या चुलीपाशी बसला होता. पांढऱ्या रुमालाची बाई किटली उतरवत होती. शारशेननं तोंड उघडलं, आणि बाईनं नानचा तुकडा पुढं केला.

"आधी तोंडाला लावा."

पुढं आलेला नान नाकारायचा नाही. शिट्टी तोंडात असली तर ती काढायची आणि नान घालायचा. शारशेननं तसं केलं. नानवर पोळ्यातला घट्ट मध होता, डोंगरी फुलांचा. मग अर्धा प्याला चहा आला. तोही घ्यावा लागला. एकदा कोणाचा चहा प्यायला की त्याच्यावर ओरडता येत नाही, म्हणून राग गिळून तो तिथंच मांडी घालून बसला.

म्हाताऱ्यानं तो पिऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग नम्रपणे विचारलं, "आता सांगा, भाऊ. तुम्ही इथले राखणदार ना?"

"हं," शारशेन म्हणाला. नान तोंडात होता.

"मग मालकांना आमचा निरोप द्याल? सकाळपासून दिसलेच नाहीत. त्यांच्याकडे मोठे पाहुणे आलेत असं कळलं, म्हणून आम्ही मध्ये गेलो नाही. पण बोलावणं नाही, चहा नाही, आता ऊन कललं. त्यांना म्हणावं, किदिरमिश आलाय. जिबेकचा बाप."

नान शारशेनच्या घशात अडकला तो अडकलाच. पाचावर धारण बसणं काय असतं ते त्याला त्या क्षणी कळलं. घरात कोण बसलंय मग? मेंढराचं डोकं कोणी खाल्लं? आणि दात कोणाचे पडले?

एक पळवाट होती. 'देतो निरोप' म्हणायचं, घरी धावायचं, शिट्टी फेकायची, उंच पांढरी टोपी घालायची आणि मालक म्हणून परत यायचं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण जिभेवर त्यांचाच मध होता. ज्याचा नान खाल्ला त्याच्याशी खोटं बोलायला त्याच्या बापानं त्याला शिकवलं नव्हतं.

"मीच," तो म्हणाला. "मीच शारशेन."

बाईनं रुमालाचं टोक तोंडाशी नेलं. किदिरमिशनं शिट्टीकडे पाहिलं.

"अहो, मग सकाळी सांगितलं का नाही!" शारशेन रडकुंडीला आला.

"तुम्ही विचारलं नाही."

"चहा दिल्याशिवाय विचारणार कसा?"

"आणि चहा प्यायल्याशिवाय मी सांगणार कसा?" किदिरमिश म्हणाला. "तुमच्या पाटीवर होतं, चहा खिडकीवर मिळेल. मुलीच्या सासरी जाऊन मी चहा विकत घेऊ?"

शारशेनला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लोकांचे टोमणे खरे होते. मुलीचा बाप दिवसभर त्याच्याच नदीकाठी चहाची वाट बघत बसला आणि त्यानं त्याला नंबर दिला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "पोराला मात्र बोल लावू नका. तो माझ्यासारखा नाही."

"घरात नको," किदिरमिश म्हणाला. "इथंच आणा. तुमच्या हातचा चहा. तो घेतो, मग काय ते सांगतो."

शारशेन तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किटली घेऊन पळाला. नियम मोडणारी सगळी जनता तंबूंतून माना काढून बघत होती. मागून बुरुल नान घेऊन धावत होती, आणि तिच्यामागून तोंडात हाड धरून अझमात. "तिकडे पण कार्यक्रम आहे का?" तो विचारत होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं तर आपला नसलेला व्याहीच घोड्यासारखा मागं लागला होता.

सात नंबरला येऊन शारशेन गुडघ्यांवर बसला. त्यानं प्याला घेतला, किटली कलती केली आणि ओतला. ओतला, ओतला, आणि बुरुलच्या तोंडून "अहो!" निघालं तेव्हा थांबला.

प्याला काठोकाठ भरला होता. चहा कडेवर थरथरत होता. प्या आणि निघा.

अझमातनं हाड तोंडातून काढलं. शारशेनला तो प्याला मागंही घेता येईना आणि पुढंही करता येईना. तीन उन्हाळ्यांची सवय त्याच्या हातानं सगळ्यांसमोर कबूल केली होती, आणि आता डोळ्यांतून पाणी आलं तेही त्याला पुसता येईना, कारण दोन्ही हातांत प्याला होता.

किदिरमिशनं तो त्याच्या हातातून घेतला. एक थेंब न सांडता ओठाला लावला आणि घोटाघोटानं तळापर्यंत प्यायला. मिशा पुसल्या. मग रिकामा प्याला परत पुढं केला.

"हा सात नंबरचा होता," तो म्हणाला. "तो निघाला. आता व्याह्याचा ओता. अर्धा."